ब्रेकनंतर परत सोशल मीडियाची फ्रीलान्स कामं घेताय? या चुका टाळा

मी साडेतीन वर्षं या कामापासून लांब होते. आधी मुलगी लहान, मग सासऱ्यांचं आजारपण, घर गोव्यात फोंड्याला आणि हॉस्पिटल बांबोळीला, लॅपटॉप उघडायचं सुद्धा सुचत नव्हतं. २०२४च्या चवथीनंतर (गणेशचतुर्थी) परत कामं घ्यायला लागले तेव्हा वाटलेलं की पोहायला एकदा आलं की माणूस विसरत नाही, तसंच हे पण असेल. गिऱ्हाइकाशी बोलणं, कुठला फोटो चालेल, कॅप्शन कसं लिहायचं हे खरंच विसरत नाही. पण ज्या बटणांवर आपला हात बसलेला असतो ती जागेवर नसतात, आणि आपण जुन्या आठवणीवर भरवसा ठेवून दुसऱ्याचे पैसे खर्च करायला निघतो. माझ्या जवळपास सगळ्या चुका यातूनच झाल्या म्हणून सविस्तर लिहितेय.

लॉगिन तपासल्याशिवाय हो म्हणू नका

पहिला फोन आला मापशातल्या जुन्या क्लायंटचा, कापडाचं दुकान आहे त्यांचं. म्हणाले, "गो बाय, फेसबुकचं पेज तूच केलेलं ना, मग सगळं तुझ्याकडेच असेल, चवथीला ऑफर टाकायची राहिली, आता दिवाळीला तरी टाक." मी लगेच हो म्हटलं. आणि मग कळलं की ते पेज २०१८ला मी माझ्याच लॉगिनवरून केलेलं, दुसरा ॲडमिन कोणीच नाही, आणि माझ्या अकाउंटचा ओटीपी जातो त्या नंबरवर जो मी बाळंतपणात बंद केलेला. ओळखपत्र अपलोड करा, वाट बघा, परत अपलोड करा, यात अकरा दिवस गेले. दिवाळीची खरेदी जोरात असताना त्यांचं पेज गप्प होतं आणि त्याला कारण मी होते, हे मला अजून टोचतं.

म्हणून काम घ्यायच्या आधी एक दिवस फक्त यासाठी ठेवा. स्वतःच्या अकाउंटचा नंबर आणि ईमेल चालू आहे का बघा, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर लागणारा दुसरा कोड) ऑथेंटिकेटर ॲपवर लावा, बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. पेज, इन्स्टा आणि जाहिरातीचं अकाउंट हे मालकाच्या नावाच्या बिझनेस पोर्टफोलिओमध्ये असू दे (धंद्याची सगळी अकाउंट एकत्र ठेवायची जागा, ज्याला आपण आधी बिझनेस मॅनेजर म्हणायचो तेच), आणि त्यांनी तुम्हाला सेटिंग्जमधून पार्टनर म्हणून जोडावं, तुमच्या पोर्टफोलिओचा आयडी टाकून, लागेल तेवढाच ॲक्सेस देऊन. पासवर्ड मागून काम करायची जुनी सवय सोडा. तुम्ही फोंड्याहून लॉगिन करणार, ओटीपी जाणार बाजारात गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या फोनवर, तो गिऱ्हाइकात, आणि तेवढ्यात मेटाला (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) संशय येऊन अकाउंट लॉक. घरातला अजून एकजण ॲडमिन ठेवायला लावा, मुलगा, भाचा, कोणीही.

पैसे भरताना अडकलात तर

कार्ड चालू आहे, बॅलन्स आहे, तरी पेमेंट फेल दाखवतं. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून कडक झाले, तेव्हापासून कार्डावरून आपोआप पैसे कापले जाणं बऱ्याच वेळा अडतं. यूपीआयने आधी पैसे भरून प्रीपेड बॅलन्सवर जाहिरात चालवली की डोकेदुखी कमी होते. आणि १८ टक्के जीएसटी विसरू नका, १०,००० रुपयांची जाहिरात म्हणजे क्लायंटला ११,८०० सांगा, नाहीतर महिन्याच्या शेवटी तो फरक तुमच्या फीमधून जातो. जाहिरातीचे पैसे कधीही स्वतःच्या खिशातून भरू नका, अगदी ओळखीचा माणूस असला तरी.

जे अकाउंट वर्षानुवर्षं बंद पडलेलं आहे त्यावर पहिल्याच दिवशी मोठं बजेट टाकलं तर ते अडकवून ठेवलं जाऊ शकतं, माझ्या दुसऱ्या क्लायंटचं तसंच झालं. तेव्हापासून मी पहिला आठवडा दिवसाला दोन-तीनशेच ठेवते आणि मग हळूहळू वाढवते.

जुन्या पद्धतीचं टार्गेटिंग

टार्गेटिंग म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची ते निवडणं, हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आम्ही २०१९-२०ला काय करायचो, तर बारीक बारीक इंटरेस्ट निवडून आठ-दहा ॲड सेट (एकेका गटासाठी वेगळं बजेट असलेले जाहिरातींचे संच) बनवायचो आणि प्रत्येकाला शंभर-शंभर रुपये. ते आता चालत नाही. एप्रिल २०२१मध्ये आयओएस १४.५ आलं आणि आयफोनवाल्यांना ट्रॅकिंग नाकारायचा पर्याय समोरच मिळाला, मग जानेवारी २०२२मध्ये मेटाने बरेच संवेदनशील टार्गेटिंग पर्याय काढून टाकले. शिवाय जाहिरात कोणाला दाखवावी हे मेटाच्या सिस्टीमला शिकायला एका ॲड सेटमागे आठवड्यात साधारण ५० रिझल्ट लागतात. आता गोव्याचा विचार करा. २०११च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या १४.५८ लाख. त्यातले फक्त सासष्टी तालुक्याचे, त्यातल्या बायका, त्यात तीस ते चाळीस वयाच्या, असं कापत गेलात तर उरतंय कोण? स्थानिक दुकानासाठी एकच ॲड सेट, एरिया मोठा, आणि वेगवेगळे दोन-तीन व्हिडिओ, मेहनत त्या व्हिडिओंवर करा.

हॉटेल, होमस्टे, शॅकवाल्यांसाठी अजून एक अडचण. आधी लोकेशनमध्ये "इथे फिरायला आलेले लोक" असा वेगळा पर्याय निवडता यायचा, तो आता नाही. मी अर्धा तास तो शोधत बसलेले. आता गोवा निवडलं की राहणारे आणि आलेले सगळे एकत्रच येतात. म्हणून बुकिंग हवं असेल तर लोक निघायच्या आधीच मुंबई, पुणे, बेळगाव, बंगळुरात जाहिरात दाखवा, आणि जेवायला बोलवायचं असेल तर जागेच्या आसपास काही किलोमीटरचा गोल टाका.

रिझल्ट मोजताना पण जुन्या रिपोर्टशी तुलना करू नका. वेबसाइटवर किती लोक आले ते मोजणारं गुगलचं जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ला बंद झालं, त्यामुळे "मागच्या वेळी इतके आलेले" हा आकडा आता जुळणारच नाही. आपल्याकडे तसंही निम्म्याहून जास्त चौकशी व्हॉट्सॲपवर नाहीतर थेट फोनवर येते. मी प्रत्येक क्लायंटला एक साधी वही ठेवायला सांगते, फोन आला की विचारायचं "कुठे बघितलंत आमचं?" आणि लिहायचं. डॅशबोर्डपेक्षा त्या वहीने मला जास्त वेळा खरं सांगितलंय.

कंटेंटमध्ये दिसणाऱ्या चुका

टिकटॉकवर जून २०२०मध्ये बंदी आली, पुढच्या महिन्यात इन्स्टावर रील्स आल्या, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, पण मी गेले तेव्हा चौकोनी पोस्टच चालत होत्या आणि परत आल्यावर सुद्धा मी चौकोनी टेम्पलेटच काढलं. आता उभा व्हिडिओच शूट करा. जानेवारी २०२५पासून प्रोफाइलची ग्रिड पण उभी झाली, त्यामुळे जुन्या पोस्टमधली कडेची अक्षरं कापली गेलीत का बघून घ्या. बिझनेस अकाउंटला सगळी गाणी मिळत नाहीत, पर्सनल अकाउंटवर ऐकलेलं गाणं क्लायंटच्या रीलवर टाकायला गेलात तर आवाज बंद होऊ शकतो. पैसे घेऊन इन्फ्लुएन्सरकडून पोस्ट करून घेत असाल तर जाहिरातीचं लेबल लागतं, हा नियम २०२१पासून आहे.

तयार कॅलेंडर उचलून टाकू नका, प्लीज. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारीचे ट्रॉलर बंद असतात, आणि एका खानावळीच्या पेजवर मी जूनमध्ये "आजची ताजी सुरमई" बघितली, खाली लोकांनी काय काय लिहिलं असेल तुम्हीच समजा. दिवाळीला नुसते दिवे नकोत, नरकासुराचे पुतळे जाळायच्या रात्री पोरं रात्रभर जागी असतात, तेव्हा पोस्ट कुठल्या वेळी टाकायची ते पण बदलतं. आणि भाषा? मालकाला विचारा, काउंटरवर गिऱ्हाईक कुठल्या भाषेत बोलतं? कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्लिश, जी जास्त तीच कॅप्शनला.

कॅसिनो किंवा ऑनलाइन पैशांच्या गेमचं काम चांगल्या पैशांचं म्हणून समोर येईल. जुगाराच्या जाहिरातीला मेटाची आधी लेखी परवानगी लागते, आणि ऑनलाइन पैशांच्या गेमची जाहिरात २०२५च्या कायद्याने बंदच केलीय. तुमचं अकाउंट गेलं की बाकीचे क्लायंट पण अडकतात. होमस्टे असेल तर पर्यटन खात्याची नोंदणी आहे का ते विचारूनच घ्या.

रेट आणि गिल्ट

ब्रेक घेतला म्हणून आपण स्वतःच रेट खाली आणतो. मी जुन्या रेटपेक्षाही कमी सांगितलेले, आणि मग तोच माणूस दुसऱ्या चार जणांना तोच रेट सांगून पाठवायला लागला. गॅपबद्दल कोणी विचारलं तर एक वाक्य पुरे, "घरची जबाबदारी होती, आता पूर्णवेळ आहे." नंतर थेट काम दाखवा. जुने स्क्रीनशॉट दाखवण्यापेक्षा एक महिना एखाद्या ओळखीच्या छोट्या धंद्याचं काम नीट करा, पैसे घेऊनच, आणि ते दाखवा.

व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून घ्या, महिन्याला किती रील, किती पोस्ट, मेसेजना उत्तर कोण देणार, किती वाजेपर्यंत, आणि निम्मे पैसे आधी. ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाला की एकदम पाच फोन येतात आणि आपण पाचही घेतो, कारण पावसाळ्यात काहीच नव्हतं. मी पहिल्या सीझनला तेच केलं, दोन क्लायंट डिसेंबरमध्येच गेले. यंदा तीनच घेतलेत, आणि त्यातला एक तर वर्षभर चालणारा क्लिनिकचा, म्हणजे जूनमध्ये पण काहीतरी येत राहील.

मापशाच्या कापडवाल्यांचं पेज आता त्यांच्या भाच्याकडे आहे, मी पार्टनर. पहिल्याच आठवड्यात त्याने फोन बदलला आणि त्याचं लॉगिन अडकलं, पण मामा स्वतः दुसरे ॲडमिन होते, त्यामुळे दहा मिनिटांत सुटलं.