ठाणे खाडीचं पाणी तपासताय? या चुका टाळा

आम्ही काही जण चेंदणी कोळीवाड्याजवळ दर रविवारी सकाळी नऊला खाडीचं पाणी घ्यायचो. वेळ काटेकोर पाळली की आकडे विश्वासाचे, असा आमचा समज. दोन महिन्यांत वेगळंच चित्र दिसलं: एका रविवारी विरघळलेला ऑक्सिजन बरा, पुढच्या रविवारी पडलेला, त्याच्या पुढच्या रविवारी परत बरा. कुणीतरी आठवड्याआड काहीतरी सोडतंय, असं आम्ही धरूनच चाललो होतो. शेवटी होडीतल्या एका काकांनी विचारलं, "पाणी भरतीचं घेता का सुकतीचं?"

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत जवळजवळ सहा तास. म्हणजे या रविवारी नऊला भरती असेल, तर पुढच्या रविवारी नऊला ओहोटी. भरतीत समुद्राचं पाणी आत येऊन सांडपाणी पातळ करतं; ओहोटीत नाल्यांचाच जोर. आमच्या कागदावर उमटत होती ती भरती-ओहोटी. दर पंधरवड्याला नमुना घेणाऱ्यांची फसगत उलटी होते: त्यांना कायम एकच अवस्था भेटते आणि खाडी बदलतच नाही असं वाटतं.

म्हणून घड्याळ धरू नका, पाण्याची अवस्था धरा. एक नमुना ओहोटी संपता संपता, एक भरती पूर्ण झाल्यावर. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, चतुर्थीला तीनच्या सुमारास. खाडीच्या वरच्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोचतं. उधाण होतं (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), हेही वहीत लिहा.

दुसरी चूक ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरची. २८ अंशांच्या गोड्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे सुमारे ७.८ मिलिग्रॅमपर्यंत मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.४ च्या आसपास. मीटरमध्ये क्षारता भरली नाही तर खाडीतला आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. दर वेळी क्षारता मोजा, मगच ऑक्सिजन. विंकलर पद्धत (मीटरऐवजी रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची) वापरत असाल तर बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका आणि मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड तिथेच घाला. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थांबलात तर वाटेत जीवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात.

पिण्याच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा घरगुती टीडीएस मीटर खाडीवर नेऊच नका. बहुतेकांचा काटा दहा हजारांच्या आत संपतो, समुद्राच्या पाण्यात क्षार लिटरमागे ३५ हजार मिलिग्रॅमच्या घरात असतात. सीओडीचंही (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल ते डायक्रोमेट या रसायनाने मोजणारी चाचणी) तसंच. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड डायक्रोमेट खातं आणि आकडा फुगतो, तेव्हा नमुना खारा आहे हे प्रयोगशाळेला आधीच सांगा. पावसाळ्यात गोडं पाणी वर तरंगतं, त्यामुळे नुसतं पृष्ठभागाचं पाणी घेऊन भागत नाही.

आता रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांबद्दल, कारण ही चूक मला सर्वात जास्त खुपते. २०१५ मध्ये खाडीचा १,६९० हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. ऐरोलीला गुलाबी थवे पाहून "पाणी सुधारलं" असं लोक लिहितात. पण 'लहान रोहित' ही जात सूक्ष्म शेवाळ खाते, आणि सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ते शेवाळ माजतं. थवे मोठे म्हणजे पाणी निर्मळ, असा हिशेब लागत नाही. पक्षी मोजा, पण चिखलही पाहा. ठरावीक मापाच्या चौकटीतला चिखल चाळून किती प्रकारचे जीव निघतात ते नोंदवा. शिंपले, खेकडे, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) कमी होऊन एकाच जातीचे बारीक कृमी खच्चून भरले असतील, तर तिथे सेंद्रिय घाण साचतेय.

कुजक्या अंड्याच्या वासावरून मात्र निष्कर्ष काढू नका. तिवरांच्या निरोगी चिखलालाही तो येतो, कारण ऑक्सिजन नसलेल्या थरातले जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. चिखलात पारदर्शक नळी खुपसून वरचा तपकिरी, ऑक्सिजन पोचलेला थर किती जाड आहे ते पट्टीने मोजा, त्याखाली ऑक्सिजन नसलेला काळा लागतो. तीच जागा पावसाळ्याआधी आणि नंतर मोजा, दोन्ही वेळा ओहोटीलाच.