‘इकोसिस्टम’ : पत्त्यांतून परिसंस्था उभारताना या चुका टाळा

मॅट सिम्पसन यांनी रचलेला ‘इकोसिस्टम’ हा पत्त्यांचा खेळ अमेरिकेतील जीनियस गेम्स या संस्थेने २०१९ मध्ये प्रकाशित केला. दोन ते सहा जणांत खेळला जाणारा हा डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो आणि त्याचे नियम एकदा ऐकले की समजल्यासारखे वाटतात. प्रत्येक खेळाडू हातातील पानांतून एक पान निवडतो, सगळे जण एकाच वेळी ते उघडून आपापल्या मांडणीत ठेवतात आणि उरलेली पाने शेजारच्या खेळाडूकडे सरकवतात. पहिल्या फेरीतील दहा पाळ्यांत पाने डावीकडे जातात आणि दुसऱ्या फेरीतील दहा पाळ्यांत उजवीकडे. शेवटी प्रत्येकापुढे चार आडव्या ओळी आणि पाच उभ्या रांगा अशी वीस पानांची परिसंस्था तयार होते. तरीही पहिल्या काही डावांत बहुतेकांचे गुण अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरतात. पान चांगले की वाईट एवढाच विचार होतो आणि ते कोणाच्या लगत बसणार हा विचार मागे पडतो, हे याचे मुख्य कारण आहे. या खेळातील बहुतेक पानांना स्वतःची अशी किंमत नाही. ती लगतच्या पानांतून येते.

गुणांची कोष्टके पाठ करण्यापेक्षा त्यांमागील निसर्ग लक्षात ठेवणे अधिक सोपे जाते. मधमाशी फुलांच्या कुरणावर जगते, म्हणून तिला लगतच्या प्रत्येक कुरणाचे तीन गुण मिळतात. अस्वल मधही खाते आणि मासेही, म्हणून लगतची प्रत्येक मधमाशी आणि प्रत्येक ट्राउट मासा त्याला दोन गुण देतो. ट्राउट वाहत्या पाण्यात राहतो आणि कीटक खातो. त्याला लगतचा ओढा आणि लगतचा चतुर यांचे प्रत्येकी दोन गुण आहेत. चतुराच्या अळ्या पाण्यातच वाढतात, त्यामुळे तो ज्या ओढ्याला लागून असेल त्या संपूर्ण ओढ्यातील प्रत्येक पानाचा एक गुण त्याला मिळतो. गरुडाची नजर दूरवर पोहोचते. दोन पानांच्या अंतरातील प्रत्येक ससा आणि ट्राउट त्याला दोन गुण मिळवून देतो. कोल्हा मोठ्या शिकारी प्राण्यांपासून दूर राहतो आणि लगत अस्वल किंवा लांडगा नसेल तरच तीन गुण देतो. हरीण सर्वत्र फिरते, म्हणून ज्या ज्या आडव्या ओळीत आणि उभ्या रांगेत निदान एक हरीण आहे तिचे दोन गुण धरले जातात.

नुसते पान असणे पुरेसे नाही

सर्वांत महाग पडणारी चूक विविधतेच्या गुणांबाबत होते. खेळात पानांचे अकरा प्रकार आहेत आणि डाव संपल्यावर ज्या प्रकाराचे शून्य गुण झाले असतील तो प्रकार ‘पोकळी’ म्हणून मोजला जातो. पोकळ्या दोन किंवा त्याहून कमी असतील तर बारा गुण अधिक मिळतात, तीन असतील तर सात, चार असतील तर तीन, पाच असतील तर काहीच नाही, आणि सहा किंवा त्याहून अधिक असतील तर पाच गुण वजा होतात. म्हणजे दोन आणि सहा पोकळ्यांमधील फरक सतरा गुणांचा आहे. पाच कुरणांचा मोठा सलग पट्टा उभारूनही पंधराच गुण मिळतात. नवे खेळाडू येथे दोन प्रकारे चुकतात. काही जण दोन-तीन आवडत्या प्रकारांच्या मागे लागून बाकीचे सोडून देतात. काही जणांकडे सगळे प्रकार असतात, पण अस्वलाशेजारचा कोल्हा, एकटे पडलेले कुरण किंवा ओढ्यापासून दूर बसलेला चतुर शून्यच देतो आणि समोर पान दिसत असूनही पोकळी मात्र मोजली जाते. दुसरी फेरी सुरू होण्यापूर्वी कोणते प्रकार अजून शून्यावर आहेत हे एकदा मनाशी मोजून घ्यावे. माझ्या मते या एका सवयीने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेही पडत नाही.

मधल्या सहा जागा

चार गुणिले पाचच्या मांडणीत चारही बाजूंनी शेजार असलेल्या जागा फक्त सहा आहेत. दहा जागांना तीन बाजूंनी शेजार मिळतो आणि चार कोपऱ्यांना केवळ दोन बाजूंनी. तिरपे पान लगतचे धरले जात नाही, हा नियम अनेक जण गुण मोजताना विसरतात आणि मग कोणाचे बरोबर यावरून वाद होतो. ज्या पानांना शेजारातून गुण मिळतात, म्हणजे मधमाशी, अस्वल आणि ट्राउट, त्यांच्यासाठी या सहा जागा राखून ठेवल्या पाहिजेत. लांडग्याला शेजाराची गरज नाही आणि हरणाला केवळ ओळ व रांग हवी. ही पाने मध्यभागी ठेवणे म्हणजे उत्तम जागा वाया घालवणे होय. लांडगा मध्ये बसला तर कोल्ह्यासाठी चार जागा निरुपयोगी होतात, कोपऱ्यात बसला तर दोनच. कोल्ह्यालाही कोपराच मानवतो, कारण तेथे दोनच बाजू सांभाळाव्या लागतात.

मांडणीची रुंदी पाच पानांची आहे याचा एक सुंदर उपयोग होतो. कुरण, मधमाशी, अस्वल, ट्राउट, ओढा ही साखळी एका आडव्या ओळीत नेमकी मावते आणि तिच्यातील प्रत्येक दुवा पुढच्याला उपयोगी पडतो. या कल्पनेभोवती डाव उभारला तर एका कडेची उभी रांग कुरणांची आणि दुसऱ्या कडेची ओढ्याची होऊ शकते. चार पानांच्या अशा ओढ्याला लागून, आतल्या बाजूला, ट्राउटच्या वर आणि खाली एकेक चतुर बसला तर प्रत्येक चतुराला चार गुण मिळतात आणि ट्राउटला ओढ्याचे दोन व चतुरांचे चार असे सहा. मात्र हा आराखडा हट्टाने पूर्ण करायला जाऊ नये. एकूण १३० पानांपैकी ओढे आणि कुरणे प्रत्येकी वीस आहेत, पण मधमाश्या, चतुर, गरुड आणि ससे प्रत्येकी आठच आहेत. शिवाय तिघांच्या डावात सुमारे निम्मीच पाने खेळात येतात. मधमाशी येईल म्हणून तिच्यासाठी जागा राखून शेवटपर्यंत वाट पाहणारा खेळाडू बहुधा तेथे नको असलेले पान ठेवतो. तिच्याऐवजी दुसरा ट्राउट आला तरी अस्वलाचे गुण तेवढेच राहतात, हे ध्यानात असू द्यावे.

प्रत्येक नवे पान आधीच्या एखाद्या पानाला लागूनच ठेवावे लागते आणि एकदा ठेवलेले पान हलवता येत नाही. पहिले पान मांडणीच्या मध्याशी राहील की कडेला जाईल हे पुढील पानांवर ठरते, म्हणून सुरुवातीच्या पाळ्यांतच पाच पानांची सलग ओळ लावून आपली चौकट स्वतःच पक्की करू नये.

ससा घाईने खर्च करणे

ठेवलेली पाने हलवण्याची मुभा फक्त ससा देतो. तो ठेवताक्षणी आपल्या मांडणीतील कोणत्याही दोन पानांची अदलाबदल करता येते. नंतर मात्र ती संधी राहत नाही. ससा स्वतः एकच गुण देतो, म्हणून पुष्कळ जण त्याला कमी लेखतात, किंवा तिसऱ्या-चौथ्या पाळीलाच, बदलण्यासारखे काही नसताना, तो ठेवून मोकळे होतात. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मिळालेला ससा अस्वलाच्या तावडीत सापडलेला कोल्हा सोडवू शकतो, तुटलेला ओढा जोडू शकतो आणि गरुडाच्या टप्प्यात बसला तर त्यालाही दोन गुण देतो.

ओढे आणि लांडगे : इतरांकडे न पाहण्याची चूक

या दोन प्रकारांचे गुण इतरांच्या तुलनेत ठरतात. सर्वांत लांब सलग ओढ्याला आठ आणि दुसऱ्या क्रमांकाला पाच गुण आहेत. सर्वाधिक लांडगे असणाऱ्याला बारा, दुसऱ्याला आठ आणि तिसऱ्याला चार. ओढ्याची एकूण पाने किती आहेत याला येथे अर्थ नाही, सलग जोडलेला सर्वांत मोठा भाग तेवढाच मोजतात. पाच-सहा जणांच्या डावात ही शर्यत अर्ध्यावर हरलेली दिसत असूनही लांडग्यामागून लांडगा घेत राहणे नुकसानीचे ठरते. त्याउलट तिघांच्या डावात एक लांडगासुद्धा तिसऱ्या क्रमांकाचे चार गुण मिळवून पोकळी भरू शकतो. ओढ्यांची शर्यत सोडावी लागली तरी ओढे सोडू नयेत. ट्राउट आणि चतुर यांना ते लागतातच.

सर्वांच्या मांडण्या उघड्या असतात, तरी खेळाडू त्या पाहत नाहीत. पहिल्या फेरीत आपण सोडलेली पाने डावीकडील खेळाडू पाहणार असतो आणि दुसरीत उजवीकडील, त्यामुळे दिशा बदलताच कोणावर लक्ष ठेवायचे हेही बदलले पाहिजे. तिघांच्या डावात आपण पुढे दिलेली पाने तीन पाळ्यांनी दोन पाने कमी होऊन परत येतात, म्हणून त्यांतील कोणती कोणाच्याच उपयोगाची नाहीत हे ओळखून ती मागाहून घेता येतात.

कुरणे मोजताना

कुरणांचे सगळे गट मोजले जातात, ओढ्याप्रमाणे एकच मोठा गट नाही. एकट्या कुरणाला शून्य, दोघांना तीन, तिघांना सहा, चौघांना दहा आणि पाच किंवा अधिकांना पंधरा गुण आहेत. चार कुरणे दोन-दोनच्या दोन गटांत विभागली तर सहाच गुण होतात. पाचच्या पुढे त्याच गटाला जोडलेले कुरण नवे गुण देत नाही. ते मधमाशीच्या लगत बसत असेल तरच तेथे ठेवावे, नाहीतर त्याचा वेगळा गट सुरू करावा.

अखेरच्या दोन-तीन पाळ्यांत हाती निवडीला फारसे काही उरत नाही. त्या वेळी रिकाम्या राहिलेल्या जागा अस्वल किंवा मधमाशीची वाट पाहणाऱ्या मधल्या जागा असतील तर डाव बिघडतो. कोपरे आणि कडा रिकाम्या असतील तर हरीण, कोल्हा, ससा यांपैकी जे येईल ते तेथे काही ना काही गुण देऊन जाते. म्हणून चौदाव्या-पंधराव्या पानापर्यंत मधला भाग भरून घ्यावा आणि शेवटच्या पानांसाठी कडेच्या जागा मोकळ्या ठेवाव्यात.