नवं ग्राफिक्स कार्ड पैसे वसूल आहे का, हे कसं तपासावं

मुंबईत कॉम्प्युटरच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभे राहिलात, तर हा प्रश्न हमखास कानावर पडतो: "फिफ्टी-सिक्स्टी घेऊ की फोर्टी-सिक्स्टीच बरं?" म्हणजे एनव्हिडिया कंपनीचं नवं ५०६० ग्राफिक्स कार्ड, की आधीचं ४०६०. विचारणाऱ्याने महिनोन्‌महिने पैसे साठवलेले असतात, आणि त्याच्या हाती तुलनेसाठी असतो फक्त खोक्यावरचा आकडा. त्या आकड्यावर विसंबू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. तो कंपनीने ठरवलेला असतो. तुमच्या मॉनिटरवर, तुमच्या खेळांत एका फ्रेमला (पडद्यावर सेकंदाला अनेकदा बदलणाऱ्या एका चित्राला) किती रुपये पडतात, हे मात्र तुम्ही स्वतः मोजू शकता. त्यासाठी एक संध्याकाळ पुरते.

१. आधी स्वतःचा कॉम्प्युटर तपासा

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचं रेझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) बघा. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल, तर कार्डाने सेकंदाला १४० फ्रेम बनवल्या तरी मॉनिटर दाखवणार ६०. अशा वेळी महागड्या कार्डापेक्षा आधी मॉनिटर बदललेला बरा.

मग नेहमीचा खेळ सुरू करून सेकंदाला किती फ्रेम मिळतात तो आकडा लिहून ठेवा. आता रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे. आकडा जागचा हललाच नाही, तर प्रोसेसर थकलाय, आणि नवं कार्ड घेऊन फारसा फरक पडणार नाही. या पाच मिनिटांच्या चाचणीने कित्येक हजारांचा खर्च वाचू शकतो, म्हणून ती टाळू नका.

२. नाव झाका, तपशील वाचा

एनव्हिडियाच्या '६०' मालिकेचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडचे बहुतेक ग्राहक याच पट्ट्यात असतात.

आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलरला आलं: १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस (मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा रस्ता). जून २०२३ मधलं आरटीएक्स ४०६० आलं २९९ डॉलरला, पण मेमरी ८ जीबी आणि बस १२८ बिट. मे २०२५ मधलं आरटीएक्स ५०६० पुन्हा २९९ डॉलर, पुन्हा ८ जीबी. त्यातली मेमरी जीडीडीआर७ प्रकारची असल्याने वेग २७२ वरून ४४८ जीबी प्रति सेकंद झाला, ही खरी सुधारणा. पण जागा तेवढीच राहिली. म्हणजे नावाची पायरी दोनदा चढली आणि मेमरी मात्र २०२१ च्या कार्डापेक्षा कमी.

मेमरीवर मी एवढा भर देतो त्याला कारण आहे. कार्डाचा वेग कमी पडला तर सेटिंग थोडी उतरवून खेळता येतं. मेमरी भरली की मात्र टेक्स्चर धूसर होतात, खेळ अडखळतो, आणि सरासरी फ्रेमच्या आकड्यात ते नीट दिसतही नाही. कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल आणि नवे मोठे खेळ खेळायचे असतील, तर आज ८ जीबीचं कार्ड मी कुणालाही सुचवणार नाही. फक्त ऑनलाइन स्पर्धेचे हलके खेळ खेळणाऱ्यांना ते पुरेल.

एकाच नावाखाली दोन कार्डं विकली जातात, तिथे डोळ्यात तेल घालून बघा. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि प्रतिस्पर्धी एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही ८ आणि १६ जीबीत मिळतात. २०१६ च्या जीटीएक्स १०६० मध्ये तर ३ जीबीवाल्या कार्डात नुसती मेमरीच नव्हे, आतले कोअरही (गणितं करणारे भाग) कमी होते: १२८० ऐवजी ११५२. तुम्ही वाचलेला रिव्ह्यू १६ जीबीचा आणि घरी आणलेलं कार्ड ८ जीबीचं, असं होऊ देऊ नका.

३. त्याच किमतीचा प्रतिस्पर्धी शेजारी ठेवा

तुलना नावाशी नको, किमतीशी हवी. ५०६० समोर ४०६० ठेवण्याआधी तेवढ्याच पैशांत एएमडी आणि इंटेलचं काय मिळतं ते लिहा. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये ८ जीबी २९९ आणि १६ जीबी ३४९ डॉलर अशा किमतींना जाहीर झालं. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबी मेमरीसह २४९ डॉलरला आलं.

बी५८० कागदावर फार आकर्षक आहे. पण त्याला मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते, आणि जुन्या प्रोसेसरबरोबर ते बरंच मागे पडतं. सात-आठ वर्षांच्या कॉम्प्युटरमध्ये बसवण्यासाठी ते घेऊ नका.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल किंवा तुमचं सॉफ्टवेअर कूडावर (फक्त एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या प्रणालीवर) चालत असेल, तर एनव्हिडियाला थोडे जास्त पैसे देणं योग्यच.

४. रिव्ह्यूतला खरा आकडा शोधा

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी सांगितलं, की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० ची कामगिरी देईल. ४०९० ची मूळ किंमत १५९९ डॉलर. हा दावा उभा होता मल्टी फ्रेम जनरेशनवर, म्हणजे खऱ्या दोन फ्रेमच्या मध्ये एआयने बनवलेल्या तीनपर्यंत फ्रेम घालण्यावर. त्याने हालचाल गुळगुळीत दिसते, पण माऊसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो. मूळ वेग सेकंदाला ३० फ्रेम असेल, तर पडद्यावर १०० दिसूनही हाताला खेळ जडच लागतो. ही सोय बंद करून मोजलं तेव्हा ५०७० हे ४०९० च्या बरंच मागे, ४०७० सुपरच्या आसपास निघालं.

म्हणून आलेख बघताना फ्रेम जनरेशन बंद असलेला आकडाच वहीत उतरवा. त्याच्या शेजारी 'वन परसेंट लो' लिहा, म्हणजे सर्वात संथ एक टक्का फ्रेमचा वेग. अडखळणं तिथे पकडता येतं. किमान दोन-तीन वेगवेगळे रिव्ह्यू घ्या, आणि तुमच्याच रेझोल्यूशनचे घ्या.

रेझोल्यूशनने निकाल कसा बदलतो ते बघा: आरटीएक्स ४०६० टीआय आणि त्याच्या आधीचं ३०६० टीआय, दोन्ही ३९९ डॉलरची. १०८० वर नवं कार्ड पुढे, पण मेमरीची बस अर्ध्यावर आणल्यामुळे रेझोल्यूशन वाढवलं की अंतर कमी होतं, आणि ४के वर काही खेळांत जुनंच पुढे जातं.

५. डॉलर विसरा, रुपयांत हिशेब करा

अमेरिकेतल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी लागतो. डॉलर ८८ रुपयांना धरला, तर २९९ डॉलर म्हणजे २६,३१२ रुपये आणि जीएसटीसह सुमारे ३१ हजार. दुकानातला भाव याच्या आसपास असेल तर तो रास्त समजा. फार वर असेल तर थांबा.

आता कल्पित आकडे घेऊन हिशेब दाखवतो. 'अ' कार्ड २८,००० रुपयांना ८० फ्रेम देतं, म्हणजे फ्रेमला ३५० रुपये. 'ब' कार्ड ३६,००० ला ९६ फ्रेम, म्हणजे ३७५ रुपये. 'अ' स्वस्त दिसतं. पण अख्खा कॉम्प्युटर नवा घेताय आणि बाकीच्या भागांना ४५,००० लागणार आहेत. मग 'अ' चे एकूण ७३,००० भागिले ८० म्हणजे साधारण ९१३ रुपये, आणि 'ब' चे ८१,००० भागिले ९६ म्हणजे ८४४. निकाल उलटला.

जुनं कार्ड विकून नवं घेणाऱ्याने आणखी वेगळा हिशेब करावा. जुनं कार्ड ६० फ्रेम देतं आणि १२,००० ला विकलं जाईल असं धरा. 'अ' साठी खिशातून जाणार १६,००० आणि वाढणार २० फ्रेम, म्हणजे वाढीव फ्रेमला ८०० रुपये. 'ब' साठी २४,००० आणि ३६ फ्रेम, म्हणजे ६६७. जुन्या कार्डाची विक्रीची किंमत आधी चौकशी करून घ्या, अंदाजाने धरू नका.

६. लपलेला खर्च

तुमचा पॉवर सप्लाय पुरेल का? ५०६० ला १४५ वॉट लागतात, बी५८० ला १९०. हा ४५ वॉटचा फरक रोज तीन तास खेळून वर्षाला सुमारे ४९ युनिट होतो. युनिटला १० रुपये धरले तर पाचशेच्या आत, म्हणजे विजेपायी निर्णय बदलू नका. पण नवा पॉवर सप्लाय घ्यावा लागला तर ते पैसे कार्डाच्या किमतीतच धरा.

मदरबोर्ड पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा (कार्ड बसवायच्या खाचेच्या जुन्या, संथ पिढीचा) असेल तर आणखी एक गोष्ट बघा. ५०६० आणि ५०६० टीआय आठच लेन (त्या खाचेतले डेटाचे मार्ग) वापरतात, तर ९०६० एक्सटी सोळा. मेमरी भरल्यावर जुन्या बोर्डावर आठ लेनचं कार्ड जास्त अडखळतं.

७. जुनी पिढी केव्हा घ्यावी

दुकानात उरलेलं जुनं कार्ड नव्याहून निदान १५-२० टक्के स्वस्त असेल तरच. आणि "नवं डीएलएसएस हवं म्हणून नवं कार्ड" या युक्तिवादाला भुलू नका. डीएलएसएस म्हणजे कमी रेझोल्यूशनवर बनवलेलं चित्र एआयने मोठं करण्याची (अपस्केलिंग) आणि जादा फ्रेम घालण्याची एनव्हिडियाची सोय. डीएलएसएस ४ चं सुधारित अपस्केलिंग २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं. फ्रेम जनरेशन ४० मालिकेपासून पुढे, आणि मल्टी फ्रेम जनरेशन फक्त ५० मालिकेत.

वापरलेलं कार्ड घेताना ते समोर चालवून बघा आणि मूळ बिल मागा. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून मेमरी आणि कोअरचे आकडे ताडून पाहा, कारण जुन्या कार्डाचा बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नव्या नावाने विकण्याचे प्रकार होतात. वॉरंटी भारतात लागू आहे का, हे सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तपासा, आणि मगच पैसे द्या.