जुन्या कोडला हात लावण्याआधी टिग उघडा

दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडवर माझं पोट चालतं. पतसंस्थांसाठी बनवलेली जुनी सॉफ्टवेअर सांभाळायची, मागतील ते बदल करून द्यायचे. मूळ लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेलेले असतात, डॉक्युमेंटेशन नसतंच. एखादी ओळ का आली, याचा पत्ता लागतो तो फक्त गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीच्या, इतिहासात, आणि तो वाचायला मी टिग नावाचं टूल वापरते. टर्मिनलमध्येच चालतं, त्यामुळे एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनलमधून जाण्याची सोय) सर्व्हरवर गेलं तरी तसंच वापरता येतं. उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टिग’, मॅकवर ‘ब्रू इन्स्टॉल टिग’.

रिपॉझिटरीच्या, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या प्रोजेक्टच्या, फोल्डरमध्ये जाऊन नुसतं ‘टिग’ चालवा. कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची, यादी येते, नवं सगळ्यात वर. एन्टर दाबलं की खाली त्या कमिटचा डिफ, म्हणजे कोणत्या ओळी बदलल्या ते, उघडतो. डिफ उघडा असताना वर-खालीचे बाण आधीच्या-नंतरच्या कमिटवर नेतात, आणि जे-के डिफच्या आत ओळीओळीने फिरवतात. हा फरक बोटांत बसला की इतिहास भराभर चाळता येतो. क्यूने समोरचा व्ह्यू बंद होतो, एचने सगळ्या कळांची यादी येते.

सरावाला खुद्द गिटचं रिपॉझिटरी क्लोन करा, म्हणजे त्याची पूर्ण नक्कल उतरवून घ्या. टिग उघडून यादी पूर्ण येऊ द्या आणि एंड दाबा. तळाशी गिट बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचं 7 एप्रिल 2005चं पहिलं कमिट दिसेल. त्या मोजक्या फायली वाचण्यासारख्या आहेत.

आता खरं काम. टी दाबून फायलींचं झाड उघडा, हव्या त्या फाइलवर जाऊन बी दाबा. प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची कुणी, कधी बदलली ते येतं. हा ब्लेम व्ह्यू. बरेच जण इथेच थांबतात, आणि हाती चुकीचं नाव लागतं. माझ्याकडच्या एका प्रोजेक्टमध्ये व्याजाच्या फंक्शनमध्ये रकमेतून एक पैसा वजा करणारी ओळ होती. ब्लेम सांगत होतं, ‘इंडेंटेशन नीट केलं’. त्यात काय कळणार? अशा वेळी त्या ओळीवर कर्सर ठेवून स्वल्पविरामाची कळ दाबायची. टिग त्या कमिटच्या आधीची फाइल उघडून तिचं ब्लेम दाखवतं. आता आलं, ‘व्हेरिएबलची नावं बदलली’. पुन्हा स्वल्पविराम. मग खरा मेसेज सापडला: रक्कम दोन ठिकाणी राउंड होते, म्हणून पासबुक आणि खातेवहीत एक पैशाचा फरक पडतो. एन्टर दाबून डिफ पाहिला, तर त्याच कमिटमध्ये पासबुक छापणारी फाइलही बदललेली. म्हणजे ती ओळ एकटी काढून चालणारच नव्हतं. नुसत्या मेसेजवर समाधान मानू नका, सोबत कोणत्या फायली बदलल्या तेही बघा. परत पुढे यायला ‘लहान’ची खूण, म्हणजे शिफ्ट आणि स्वल्पविराम.

फॉर्मॅटिंगची कमिटं वारंवार आडवी येत असतील तर त्यांचे हॅश, म्हणजे कमिटचे ओळख-क्रमांक, एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि गिटच्या ‘ब्लेम डॉट इग्नोअर रेव्ज फाइल’ या सेटिंगमध्ये तिचं नाव द्या. गिट 2.23पासून ही सोय आहे. टीमला हे आवर्जून करायला सांगा, नंतर येणारा दुवा देईल.

स्वतःचे बदल कमिट करायलाही टिग सोयीचं आहे. एसने स्टेटस उघडतं, फाइलवर यू दाबलं की ती स्टेज होते, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडली जाते. फाइलवर एन्टर दाबून डिफमध्ये गेलात तर यूने एकच तुकडा आणि 1 दाबून एकच ओळ स्टेज करता येते. डीबगिंगसाठी टाकलेल्या प्रिंटच्या ओळी मागे ठेवून नेमका बदल तेवढा पुढे पाठवायला याहून सोपी रीत मला माहीत नाही. स्टेटसमध्ये परत येऊन कॅपिटल सी दाबा, कमिटसाठी एडिटर उघडतो. उद्गारचिन्ह मात्र जपून. ते स्टेज न केलेले बदल पुसून टाकतं.

ब्रँच, म्हणजे कामाच्या वेगळ्या शाखा, बघायला आर. त्याआधी ‘गिट फेच डॅश डॅश प्रून’ चालवा, म्हणजे रिमोटवरून (सर्व्हरवरच्या सामायिक रिपॉझिटरीतून) काढून टाकलेल्या ब्रँच यादीत दिसत नाहीत. कॅपिटल सीने चेकआउट, म्हणजे त्या ब्रँचवर जाणं, उद्गारचिन्हाने ब्रँच डिलीट. टिग इथे ‘गिट ब्रँच’चा कॅपिटल डी हा पर्याय वापरतं, म्हणजे मर्ज न झालेली, दुसऱ्या ब्रँचमध्ये न मिसळलेली ब्रँचही जाते. तसं विचारतं, पण सवयीने वाय दाबलं जातं. म्हणून साफसफाईसाठी मी टिगमधून बाहेर येऊन ‘गिट ब्रँच डॅश डॅश मर्ज्ड’ची यादी काढते आणि लहान डीने डिलीट करते. मर्ज न झालेली ब्रँच गिट मग स्वतःच अडवतं. तरीही हवी असलेली ब्रँच गेलीच, तर ‘गिट रिफ्लॉग’मध्ये, म्हणजे तुम्ही कोणत्या कमिटवर होतात याच्या गिटने ठेवलेल्या नोंदवहीत, तुम्ही तिच्यावर असतानाच्या नोंदी शोधा. कुठूनच पोहोचता न येणाऱ्या कमिटच्या नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे 30 दिवस टिकतात. हॅश मिळाला की ‘गिट ब्रँच’, पुढे नाव आणि हॅश, एवढं दिलं की ब्रँच परत उभी राहते.