कापडाचं दुकान टाकताय? पहिला माल भरताना या चुका टाळा

लालबागला दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही मॅचिंग सेंटर, म्हणजे साडीला जुळणाऱ्या ब्लाउजच्या कापडाचं आणि अस्तराचं दुकान सुरू केलं, तेव्हा पहिल्याच खरेदीत मी प्रिंटचे चौदा ताके उचलले. होलसेलच्या गादीवर बसलं आणि पुढ्यात एकेक ताका उलगडला जाऊ लागला, की प्रत्येकच डोळ्यात भरतो. दुकान उघडल्यावर पहिल्या आठवड्यात बायका काय मागत आल्या? अस्तर. फॉल. ब्लाउजचं मरून टू बाय टू कापड. चौदातले सहा ताके पुढच्या दिवाळीपर्यंत जागचे हलले नाहीत.

म्हणून नवीन माणसाला मी आधी हेच सांगते: स्वतःच्या आवडीने माल भरू नका. मार्केटला जाण्यापूर्वी आजूबाजूच्या चार शिंप्यांकडे जाऊन बसा. दादा, अस्तर कुठून आणता? कोणत्या रंगासाठी गिऱ्हाइकाला दादरला पाठवावं लागतं? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून तुमची निम्मी यादी तयार होते. शिवाय तोच शिंपी उद्या तुमच्याकडे गिऱ्हाईक पाठवतो.

सगळं भांडवल एकदम लावू नका

मुंबईत दुकान टाकणाऱ्याला एक मोठी सोय आहे. मंगळदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट ही कापडाची घाऊक मार्केटं सीएसएमटीहून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला महिन्याचा माल एकदम भरावा लागतो, तुम्हाला नाही. मालासाठी ठेवलेल्या पैशांतले निम्मेच आधी लावा. पंधरा दिवस वहीत दोन रकाने ठेवा: काय विकलं, आणि काय मागितलं पण आपल्याकडे नव्हतं. दुसरा रकाना जास्त मोलाचा. उरलेले पैसे त्याच्या हिशोबाने लावा. ‘दहा ताके घ्या, मीटरमागे चार रुपये कमी लावतो’ हे ऐकून हुरळू नका. कापलेला ताका कुणी परत घेत नाही.

लाल म्हणजे एक रंग नव्हे

मॅचिंगच्या धंद्यात कुंकवी, डाळिंबी, मरून, राणी, टोमॅटो हे सगळे वेगवेगळे रंग आहेत, आणि साडी घेऊन आलेल्या बाईला त्यातला नेमका एकच हवा असतो. एका शेडचे पन्नास मीटर घेण्यापेक्षा पाच शेडचे दहा-दहा मीटर घ्या. दर थोडा जास्त पडतो, तो पडू द्या. शेड कार्डाचा, म्हणजे रंगांच्या नमुन्यांच्या कार्डावरचा नंबर ताक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. मात्र नंबर तोच असला तरी रंगाईचा लॉट बदलला की छटा हलते. नवा ताका जुन्या तुकड्याशेजारी धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

रंग पाहायचा तो दारात, उन्हात. ट्यूबलाइटखाली साडीला तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस बाहेर गेल्यावर वेगळाच दिसतो. आमच्याकडे एक आजी यायच्या. त्या काही न बोलता ताका उचलून पायरीवर जायच्या, पदर त्यावर टाकायच्या आणि मगच ‘काप’ म्हणायच्या. तेव्हापासून मी स्वतःच गिऱ्हाइकाला पायरीवर नेते.

नवरात्राच्या नऊ रंगांसाठीही घाबरून भलताच साठा करू नका. यादी दरवर्षी नवी वाटते, पण सात रंग वारांचे असतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. क्रम बदलतो, रंग तेच राहतात. हे साधे रंग वर्षभर खपतात. गुलाबी, मोरपंखी, जांभळा वगैरे यादी पाहून आणावेत.

अस्तरात पैसे वाचवू नका

सगळ्यात मोठी चूक इथे होते. अस्तर आतून लागतं, कोण बघतंय, म्हणून स्वस्त माल भरला जातो. पण ते पहिल्या धुण्यात आटलं की वरचं कापड फुगतं, शिवण चुण्या धरते आणि बाराशे रुपये शिलाईचा ब्लाउज वाया जातो. ती बाई शिंप्याशी भांडते, शिंपी तुमचं दुकान सोडतो. पॉलिस्टरचं अस्तर आटत नाही, पण मुंबईच्या घामात अंगाला चिकटतं.

घाऊक खरेदीआधी अर्धा मीटर आणून पाहा. त्यावर ४० सेंटिमीटरचा चौकोन आखा, रात्रभर भिजवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा आणि मोजा. ४० चे ३८ झाले म्हणजे पाच टक्के आटलं. तो माल नको. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग सुटतो का तेही बघा. ‘प्युअर कॉटन’ म्हणत असतील तर एक धागा जाळा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो.

माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. कापड हातात आलं की ते आधी उजेडाकडे धरायचे. विणीतला विरळपणा, तुटलेला धागा असाच सापडतो. मीही प्रत्येक ताका तसाच बघते.

दर आणि माप

भाव नेहमी पन्ह्यासकट, म्हणजे कापडाच्या रुंदीसकट विचारा. ३६ इंची पन्ह्याचं ९० रुपये मीटर कापड ४४ इंची १०५ च्या कापडापेक्षा स्वस्त वाटतं, पण इंचामागे महाग पडतं. ताक्यावर २० मीटर लिहिलंय म्हणून २० मीटर धरू नका. मोजा, मधे जोड आहे का पाहा. तुमच्या मीटरपट्टीवर वैध मापनशास्त्र विभागाचा शिक्का हवाच. जीएसटीची नोंदणी नसेल तर खरेदीवर दिलेला ५ टक्के कर परत मिळत नाही, तो धरूनच विक्रीचा भाव काढा.

पावसाळा

दादरच्या हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा तिथल्या कापडवाल्यांची धावपळ दिसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तुमचा गाळा सखल भागात असेल तर जूनआधी सर्वात खालची फळी रिकामी करा. ताके भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर ओल धरून बुरशीचे ठिपके पडतात.

माल अडकलाच तर

सहा महिने न हललेला साधा रंग ८०-८० सेंटिमीटरचे ब्लाउजपीस कापून, घडी घालून ठेवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, गौरींना आणि लग्नसराईत ओटी भरायला बायका डझनाने नेतात. माझे अडकलेले सहा प्रिंटचे ताके मात्र त्यात खपेनात. ते शेवटी पिशव्या आणि गोधड्या शिवणाऱ्या बचत गटातल्या ताईंनी खरेदीच्या भावाने नेले, आणि त्या पैशांतून मी अस्तराच्या अकरा शेड आणल्या.