कोरियात पोट बिघडलं की काय करायचं (सुईपासून पेजेपर्यंत)

कोरियात पोट गच्च झालं, करपट ढेकर येतायत, डोकं दुखतंय असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो "चेहेत्ता", म्हणजे खाल्लेलं अडकलंय. मग घरातली आजी सुई काढते! आधी दंड आणि पाठ चोळून रक्त बोटाकडे आणायचं, अंगठ्याला दोरा गुंडाळायचा आणि नखाच्या मुळाशी टोचायचं, काळं रक्त आलं की सुटलं म्हणे. हे तुम्ही करू नका, इन्फेक्शनची भीती आहे आणि सुईशिवाय बाकीचं सगळं करता येतं.

पहिलं म्हणजे खाणं बंद, निदान एक जेवण तरी सोडा. मग अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग, त्याला हापगोक म्हणतात, तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दुखेल इतका दाबा, एकेका हाताला दोनतीन मिनिटं (प्रेग्नंट असाल तर हा पॉइंट अजिबात नको).

त्यानंतर मेशिलचं पाणी. मेशिल म्हणजे हिरवे आंबट प्लम, साधारण जूनमध्ये बाजारात येतात, ते धुऊन पूर्ण कोरडे करायचे, देठाचा काळा ठिपका टूथपिकने काढायचा आणि बरणीत साखरेबरोबर वजनाला समसमान थर लावायचे, आपल्या मोरावळ्यासारखंच पण गॅस न लावता. 100 दिवसांनी फळं काढून सिरप गाळून घ्या, एक भाग सिरपला चारपाच भाग कोमट पाणी. डायबेटिस असेल तर हे सोडा, साखरच आहे शेवटी.

घरी नसेल तर मेडिकलमध्ये ह्वालम्योंगसूची छोटी बाटली मिळते, 1897 पासूनचं औषध आहे, आता त्यात सोड्यासारखा गॅस भरलेलाही प्रकार मिळतो.

भूक परत आली की जुक, म्हणजे चक्क आपली पेज! भिजवलेला तांदूळ एक वाटी, पाणी सहासात वाट्या, मंद आचेवर ढवळत राहायचं आणि वरून थोडा सोया सॉस.

भूकच मेली असेल तर ते म्हणतात "इम्माशी ओप्ता", शब्दशः तोंडाला चव नाही, ऐकून मला हसूच आलं. असं बरेच दिवस चाललं तर हानुइवोनमध्ये म्हणजे पारंपरिक डॉक्टरकडे जातात. तिथे प्योंगविसान हा जुना काढा देऊ शकतात, त्यात संत्र्याची वाळवलेली साल, मॅग्नोलियाची साल, ज्येष्ठमध, आलं वगैरे असतं. हा स्वतःच्या मनाने मागवून पिऊ नका, चालू गोळ्या असतील तर डॉक्टरला आधी सांगा. आणि छातीत दुखत असेल, काळी शी होत असेल किंवा वजन उतरत असेल तर मेशिल-बिशिल बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठा.