इन्सुलिनची बाटली घरी नेण्याआधी

यावल तालुक्यातल्या दवाखान्यात मी नर्स आहे. डॉक्टरांनी मधुमेहासाठी इन्सुलिन लिहून दिलं की ते कसं घ्यायचं, हे समजावून सांगणं माझ्याकडे येतं. आमच्याकडे येणारी माणसं केळीच्या बागेत, कपाशीत राबणारी. त्यांची जेवणाची वेळ कामावर ठरते. म्हणून पहिला प्रश्न माझा ठरलेला: सकाळी पहिला घास पोटात कधी जातो?

कारण प्रत्येक इन्सुलिनची आपली वेळ असते. लिस्प्रो, अस्पार्ट दहा-पंधरा मिनिटांत चालू होतात, तीन ते पाच तासांत ओसरतात. ती ताट वाढल्यावरच टोचायची. रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास. दुधाळ दिसणारं एनपीएच हळू सुरू होतं आणि मधल्या तासांत जोर धरतं. ग्लार्जिन साधारण दिवसभर एकसारखं चालतं, डेग्लुडेक त्याहून लांब.

टाइप १ मधुमेह (अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) असेल तर दिवसभराचं आणि जेवणाआधीचं, दोन्ही लागतात. टाइप २ मध्ये (इन्सुलिन बनतं, पण पुरत नाही) गोळ्या पुऱ्या पडेनाशा झाल्या की डॉक्टर बहुधा लांब चालणाऱ्या एका सुईने, १० युनिटच्या आसपास सुरुवात करतात आणि उपाशीपोटीची रक्तातली साखर बघत थोडं थोडं वाढवतात. शेजारच्या काकांचा डोस बघून आपला वाढवू नका.

माझ्या हातून सगळ्यात जास्त जाते ती ३०/७०: तीस टक्के रेग्युलर, सत्तर टक्के एनपीएच. सकाळी टोचली की अर्ध्या तासात न्याहारी हवीच, आणि दुपारचं जेवणही टळायला नको. 'डबा शेतात खाऊ' म्हणून निघालात तर साखर उतरून बांधावरच घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. खिशात साखरेची पुडी ठेवाच. तीन चमचे पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.

आता सिरिंज. इथे मी प्रत्येकाला थांबवते. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक ४० च्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. पेनमधलं (पेनासारख्या दिसणाऱ्या तयार सुईतलं) इन्सुलिन १०० चं. ते ४० च्या सिरिंजने ओढलं तर १० समजून २५ युनिट अंगात जातात. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघा, मगच सुई लावा. दुधाळ बाटली हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत हळू फिरवायची. गाठी राहिल्या तर ती वापरू नका.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेली फेकून द्या. फ्रिज नसेल तर झाकणाच्या डब्यात घालून ओल्या वाळूवरच्या मडक्यात ठेवा. उघडल्यावर साधारण चार आठवडे वापरा, तारीख बाटलीवर लिहा.

एकादशी धरायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मनाने सुई बंद करू नका. आणि रोज त्याच जागी टोचू नका. बेंबीपासून दोन बोटं सोडून जागा बदलत राहा. कातडीखाली गाठ लागली तर ती जागा सोडा, तिथलं इन्सुलिन नीट मुरत नाही.